वाळ्याच्या पडद्यांचे नऊ हजार : शून्याधारित अंदाजपत्रक म्हणजे काय?

सोलापूरच्या सरकारी कचेऱ्यांत पूर्वी उन्हाळ्यात खिडक्यांना वाळ्याचे, म्हणजे सुवासिक गवताच्या मुळांचे, पडदे लागायचे. दुपारी शिपाई त्यांवर पाणी मारायचा आणि बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असले तरी आत ओल्या वाळ्याच्या वासात फायली पुढं सरकायच्या. मी लेखा शाखेत रुजू झालो तेव्हा कूलर येऊन बरीच वर्षं झाली होती आणि पडदे केव्हाच गेले होते. तरी पुढच्या वर्षीच्या मागणीचा तक्ता करायला बसलो तर त्यात पोटबाब होती : वाळ्याचे पडदे व अनुषंगिक खर्च, ३,५०० रुपये. मी मोठ्या भाऊसाहेबांना विचारलं, हे काढू का? ते म्हणाले, "राहू दे की. मागच्या साली होतं ना? मग दहा टक्के लाव आणि पुढं चल."

मी लावले. पुढच्या वर्षीही लावले. ३,५०० वर दरसाल १० टक्के चढवत गेलं की दहाव्या वर्षी आकडा ९ हजारांच्या वर जातो. खिडकीत पडदा नाही, कागदावर मात्र तो दरवर्षी महाग होतोय. पैसे कुणी खिशात घालत नव्हतं, हेही सांगतो. मंजूर रक्कम 'कार्यालयीन खर्च' या एकाच शीर्षाखाली जमा व्हायची आणि त्यातून झेरॉक्सचा कागद, झाडू, फिनेल असलं काहीतरी यायचं. पण नऊ हजार का हवेत, याचं खरं उत्तर कुणाकडेच नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, आणि तक्ता तर मीच करत होतो.

सरकारी अंदाजपत्रक बहुतेक असंच तयार होतं. दिवाळीच्या आगेमागे वरून पत्र येतं. कार्यालय मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाची तरतूद आणि पहिल्या आठ महिन्यांच्या खर्चावरून बांधलेला अंदाज (याला आम्ही नुसतं 'आठमाही' म्हणतो) शेजारी शेजारी मांडतं आणि शेवटच्या रकान्यात पुढच्या वर्षीची मागणी लिहितं. ती मागणी म्हणजे जवळजवळ नेहमी आधीचा आकडा अधिक काहीतरी. जिल्ह्याचे तक्ते संचालनालयात, तिथून मंत्रालयातल्या विभागात, तिथून वित्त विभागात जातात आणि मार्चमध्ये विधानमंडळापुढे येतात. वाटेत प्रत्येक टेबलावर चर्चा होते ती 'अधिक काहीतरी' किती, एवढ्याचीच. शंभरातले वरचे दहा तपासले जातात. खालच्या नव्वदांकडे कुणी बघत नाही, कारण ते मागच्या वर्षीच मंजूर झालेले असतात.

शून्याधारित अंदाजपत्रक या खालच्या नव्वदांना हात घालतं. तुमचं कार्यालय, तुमची योजना आजच पहिल्यांदा सुरू होते आहे असं समजा. मागचा आकडा पुसा, पाटी कोरी करा. आता प्रत्येक रुपया कशासाठी हवा, तो नाही मिळाला तर नेमकं काय अडेल आणि तेच काम दुसऱ्या रीतीनं होईल का, ते लिहून द्या. तत्त्व म्हणून एवढंच आहे.

इथं नावाचा एक घोटाळा निस्तरून टाकतो. आपल्याकडे 'झिरो बजेट' म्हटलं की शेतकऱ्याला सुभाष पाळेकरांची नैसर्गिक शेती आठवते. तिचा आणि याचा काही संबंध नाही. यात खर्च शून्यावर आणायचा नसतो, हिशेबाची सुरुवात शून्यापासून करायची असते. एखाद्या खात्याला शून्यातून सगळं नीट मांडल्यावर आधीपेक्षा जास्त पैसेही मिळू शकतात. 'शून्याधारित' म्हणजे 'कात्री' असं समजून कर्मचारी संघटना आधीच बाह्या सरसावतात, ते या नावामुळेच.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या चादरवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. नवी ऑर्डर आली की तो सुताचा आजचा भाव, रंग, जॅकार्डची मजुरी आणि वीज हे सगळं नव्यानं मांडतो. मागच्या वर्षीच्या दरावर दहा टक्के चढवून भाव दिला तर ऑर्डर तरी जाते नाहीतर नफा तरी. कचेरीत चुकीच्या आकड्याची झळ आकडा लिहिणाऱ्याला बसत नाही. उलट बरोबर आकड्याची बसते. एका वर्षी आम्ही खरोखर काटकसर करून अडीच लाख वाचवले आणि मार्चआधी रीतसर समर्पित केले, म्हणजे परत केले. पुढच्या वर्षी तेवढीच तरतूद कमी होऊन आली. वरचे साहेब भेटल्यावर म्हणाले, "भाऊसाहेब, खर्च होत नाही म्हणजे गरज नाही." त्यानंतर आमच्याकडून एकदाही समर्पण झालं नाही. ३१ मार्चच्या रात्री कोषागारात बिलांची जी झुंबड उडते तिच्यामागं हाच शहाणपणा असतो.

आता एक उदाहरण घेऊन खोलात जाऊ. आकडे माझे, समजण्यापुरते धरलेले.

सांगोला, मंगळवेढा हा आपला खिलार जनावरांचा पट्टा. समजा तिथल्या एका तालुक्यात पशुसंवर्धन खात्याचा फिरता दवाखाना आहे. वर्षाचा खर्च ५६ लाख : पगार ४२, गाडीचं डिझेल-दुरुस्ती ६, औषधं आणि इतर ८. गाडी चाळीस गावांत महिन्यातून दोनदा जाते. जुन्या रीतीनं पुढच्या वर्षीची मागणी ५६ वर १० टक्के, म्हणजे ६१ लाख ६० हजार. काम पाच मिनिटांचं.

शून्यापासून मांडायचं तर आधी हा दवाखाना एक स्वतंत्र 'निर्णय घटक' धरायचा, म्हणजे चालू ठेवायचा की नाही हे वेगळं ठरवता येईल असं एक काम. मग पहिला प्रश्न : जनावरांना उपचार मिळावेत, हे आपलं उद्दिष्ट. त्यासाठी फिरती गाडीच हवी का? आठवडे बाजाराच्या दिवशी जनावरं तशीही एका जागी येतात, तिथं शिबिर घेतलं तर? गाडी भाड्यानं घेतली तर? लॉगबुक उघडलं आणि दिसलं की गाडी महिन्यातले १४ दिवसच बाहेर असते. भाड्याची गाडी दिवसाला अडीच हजारांनी घेतली तर महिन्याला ३५ हजार, वर्षाला ४ लाख २० हजार. म्हणजे ६ लाखांच्या जागी सव्वाचार.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आणि माझ्या मते या पद्धतीतला सगळ्यात हुशार. हे काम कोणकोणत्या पातळीवर करता येईल, ते पायरी पायरीनं मांडा. पहिली पायरी, ज्याच्या खाली गेलं तर काम करण्यात अर्थच नाही : लाळ्या-खुरकुताचं लसीकरण आणि अडलेल्या जनावराला तातडीचे उपचार, ३८ लाख. दुसरी : शिवाय प्रत्येक गावात महिन्यातून एक फेरी, आणखी ११ लाख. तिसरी : दुसरी फेरी, आणखी ७ लाख, इथं आजचे ५६ पूर्ण होतात. चौथी : रक्त आणि शेण तपासणीची सोय, आणखी ९ लाख. प्रत्येक पायरीचा एक कागद. त्यावर खर्च, त्यातून काय मिळेल आणि ती नाकारली तर काय होईल. या कागदाला 'निर्णय संच' म्हणतात. नाव जड आहे. तुम्ही चिठ्ठी म्हणा.

जिल्ह्यात तालुके ११. प्रत्येकाच्या चार चिठ्ठ्या, म्हणजे ४४. जिल्हा अधिकारी त्या टेबलावर पसरतो आणि निकडीच्या क्रमानं लावतो. अकराही तालुक्यांची पहिली पायरी बहुधा सगळ्यांत वर जाईल. पण पुढं काय? माळशिरसच्या बागायती भागातली चौथी पायरी आधी की मंगळवेढ्याच्या कोरडवाहू गावातली दुसरी फेरी आधी? जुन्या पद्धतीत हा प्रश्न उभाच राहत नाही, दोघांनाही दहा टक्के मिळतात. इथं तो टाळता येत नाही. क्रम लागला की वरून खाली बेरीज करत यायचं आणि पैसे संपतील तिथं रेघ मारायची. रेघेवरच्या चिठ्ठ्या मंजूर, खालच्या नाही. पैसे पाच लाखांनी वाढले-घटले तर रेघ वर-खाली होते, सगळं पुन्हा मांडावं लागत नाही.

लेखा शाखेत काम केलेल्या एखाद्यानं एव्हाना मला पकडलं असेल. पगारच ४२ लाख आहे, मग पहिली पायरी ३८ लाखांत कशी बसेल?

बसत नाही. ३८ लाखांत आणायची तर एक-दोन पदं कमी करून ती माणसं दुसरीकडे द्यावी लागतील, आणि कायम नोकरीतलं पद तालुक्याच्या चिठ्ठीवरून हलत नाही. भाड्याच्या गाडीचंही तेच. गाडी गेली तरी चालक खात्याच्या आस्थापनेवर राहतोच. म्हणजे ५६ लाखांतले खरोखर शून्यापासून विचारता येतील असे फक्त १४. राज्याच्या पातळीवरही चित्र फार वेगळं नाही. पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जावरचं व्याज यांतच महसुली उत्पन्नाचा निम्म्याच्या आसपास भाग जातो. व्याज तर 'भारित' खर्चात येतं, त्यावर विधानसभेत मतदानही होत नाही. काही खर्च कायद्यानं बांधलेले. रोजगार हमीचं घ्या. १९७२ च्या दुष्काळातून आपल्याकडे ती उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. काम मागणाऱ्याला काम द्यायचंच असेल तर तिथली पाटी कोरी कशी करणार?

ही कल्पना सरकारातली नाही, कारखान्यातली आहे. अमेरिकेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत पीटर पायर यांनी १९६९ च्या सुमारास ती बसवली आणि १९७० मध्ये तिच्यावर लेख लिहिला. जॉर्जिया राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर जिमी कार्टर यांनी तो वाचला, पायर यांनाच बोलावून घेतलं आणि राज्याच्या सगळ्या खात्यांना ही पद्धत लावली. पहिल्याच वर्षी सुमारे १० हजार चिठ्ठ्या जमल्या. एका चिठ्ठीला एक मिनिट द्यायचं म्हटलं तरी १६६ तास होतात. रोज आठ तास दुसरं काही न करता बसलं तर तीन आठवडे. कोणता गव्हर्नर बसणार? पुढं कार्टर राष्ट्राध्यक्ष झाले आणि १९७७ मध्ये त्यांनी ती केंद्रालाही लावली. १९८१ मध्ये रेगन आले आणि ती गेली.

आपल्याकडे ती लवकरच पोचली. केंद्रात १९८३ मध्ये विज्ञान व तंत्रज्ञान विभागात सुरुवात झाली आणि १९८६ पासून इतर मंत्रालयांना सांगण्यात आलं. राज्यांत महाराष्ट्र पुढं होता. १९८६ मध्ये शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले आणि 'झिरो बजेट' हा शब्द मंत्रालयातून जिल्ह्या-तालुक्याच्या कचेऱ्यांपर्यंत आला. चव्हाणांना लोक 'हेडमास्तर' म्हणायचे. गृहपाठ पुन्हा पहिल्यापासून लिहून आणा असं सांगणारी पद्धत त्यांना भावली यात नवल नाही. अर्थखातं तेव्हा आपल्या सोलापूरच्या सुशीलकुमार शिंद्यांकडे होतं. ज्या गावाच्या कोर्टात त्यांनी शिपायाची नोकरी केली त्या गावच्या कारकुनांना आता त्यांच्या खात्याचे नवे तक्ते भरावे लागत होते. माझ्या आधीच्या पिढीतले लोक त्या तक्त्यांबद्दल जे बोलायचे त्यात कौतुक कमीच असायचं. "आकडा तोच, फक्त त्याच्यामागं दोन पानं जास्त," हे मी कितीतरी वेळा ऐकलंय.

आणि त्यात तथ्य आहे. चिठ्ठी लिहितो कोण? ज्याची खुर्ची त्या चिठ्ठीवर आहे तोच. नाकारलं तर काय होईल, या रकान्यात कुणी 'विशेष काही होणार नाही' असं लिहून देत नाही. सगळेच 'जनतेची गंभीर गैरसोय होईल' असं लिहितात. याहून बेरकी युक्ती म्हणजे ज्याला कुणी हात लावू धजणार नाही असं काम मुद्दाम शेवटच्या चिठ्ठीवर लिहायचं. आषाढीचं पालखी मार्गावरचं पथक घ्या. धर्मपुरीला आणि अकलूजला पालख्या जिल्ह्यात येतात तेव्हा तिथं पथक नाही असं होऊच शकत नाही. मग ते सगळ्यात खाली लिहायचं आणि त्याच्या वर साहेबांच्या दालनाची रंगरंगोटी. रेघ रंगरंगोटीच्या खाली पडली तरी पथकासाठी पैसे कुठूनतरी येणारच. न आले तर पावसाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मध्येच मागायचे जादा पैसे, आहेतच. वरचा अधिकारी नवखा असेल तर ही युक्ती चालून जाते. त्यानं स्वतः वारीचा बंदोबस्त केलेला असेल तर नाही.

म्हणून माझं मत असं झालंय की शून्याधारित पद्धतीचं बरंवाईट क्रम लावणाऱ्या माणसावर ठरतं. त्यानं ते काम जागेवर जाऊन पाहिलेलं असलं पाहिजे. तालुक्याच्या ४४ चिठ्ठ्या जिल्ह्याच्या टेबलावर लागतात तोवर ठीक आहे, कारण कुठल्या गावात रस्ता नाही आणि कुठली गाडी उभी असते हे तिथं माहीत असतं. त्याच राज्यभरातून पुण्याच्या आयुक्तालयात गेल्या तर साडेतीनशे तालुक्यांच्या मिळून १,४०० होतात, त्याही एका योजनेच्या. तिथं त्या वाचल्या जात नाहीत, मोजल्या जातात.

दुसरं म्हणजे दरवर्षी सगळ्यांनी कोरी पाटी घेऊन बसायचं हे झेपणारं नाही. तलाठ्याला दरवर्षी 'तू का आहेस' असं विचारण्यात वेळ जातो, उत्तर बदलत नाही. पाळी लावली तर जमतं. यंदा या चार योजना, पुढच्या वर्षी दुसऱ्या चार. जॉर्जियानं स्वतः २०१२ मध्ये पुन्हा कायदा केला तो अशाच पाळीचा. आपल्या नियोजन आयोगानं दहाव्या पंचवार्षिक योजनेआधी केंद्राच्या ३६० योजना एकदाच शून्यापासून तपासल्या. ४८ बंद केल्या, १६१ एकत्र करून त्यांच्या ५३ केल्या, १६ राज्यांकडे दिल्या, १३५ तशाच ठेवल्या. ३६० च्या १८८ झाल्या. हे काम दरवर्षी करायचं नव्हतं, म्हणून तर झालं.

बीम्स ही ऑनलाइन प्रणाली आल्यापासून राज्याचा निधी वाटपापासून खर्चापर्यंत संगणकावर दिसतो, त्यामुळे कुठली बाब वर्षानुवर्षं पडून आहे हे शोधणं पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. शोधायला कुणीतरी बसलं पाहिजे, एवढंच.

आमच्या वाळ्याच्या पडद्यांचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. जुने तक्ते संगणकावर चढवायचं काम आलं तेव्हा नव्यानं लागलेली एक मुलगी प्रत्येक ओळ वाचून टाईप करत होती. तिनं विचारलं, "काका, वाळा म्हणजे काय ओ?" मी सांगितलं. ती म्हणाली, मग आपल्याकडे आहेत कुठं ते? आणि तिनं ती ओळ गाळली. एका मिनिटात, कुठल्याही चिठ्ठीशिवाय.

संध्याकाळी बेरीज जुळेना. नऊ हजार कमी पडत होते. मोठ्या साहेबांनी तक्ता मागितला होता, वेळ नव्हता. मीच तिला म्हणालो, 'इतर' मध्ये घाल.